ओठ आधी, आवाज मागाहून

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाचं नाटक पुण्यातल्या आजी-आजोबांना इंटरनेटवरून थेट दाखवायचं ठरलं, आणि 'तू कॉम्प्युटरवाला' म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला प्रवेश संपायच्या आत आईचा फोन! "अरे, ते आधी तोंड हलवतात आणि बोलतात मागाहून. सगळे विनोद फुकट चाललेत."

मंडळी, असं का होतं ते ऐका. आरटीपी ही अशा प्रक्षेपणाची एक प्रचलित पद्धत. १९९६ साली ती प्रसिद्ध झाली, २००३ साली सुधारली. तीत चित्र आणि आवाज सहसा वेगवेगळ्या पाकिटांतून जातात. प्रत्येक पाकिटावर वेळेचा शिक्का असतो, पण तो घड्याळाचा नव्हे, निव्वळ मोजणीचा. चित्राची मोजणी सेकंदाला ९०,०००, कारण २४, २५ आणि ३० या तिन्हींनी या आकड्याला नि:शेष भाग जातो. आवाजाची बहुधा ४८,०००. त्यातून दोन्ही मोजण्या मुद्दामच वाटेल त्या आकड्यापासून सुरू होतात. एकाने शक लिहावा, दुसऱ्याने संवत, आणि आरंभ कुणीच सांगू नये, तशातली गत!

म्हणून पाठवणारा दर काही सेकंदांनी वेगळी चिठ्ठी धाडतो: 'माझ्या घड्याळात अमुक वाजले, तेव्हा मोजणी तमुक होती.' दोन्हींकडच्या चिठ्ठ्या आल्या की पलीकडचं सॉफ्टवेअर मेळ घालतं आणि जो आधी पोचला असेल त्याला थांबवून धरतं.

आमचा कॅमेरा एका संगणकाला जोडलेला, माइक दुसऱ्याला. दुसऱ्याचं घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवायचं राहून गेलं होतं. ते सेकंदभर पुढे होतं. घड्याळ पुढे, म्हणून आवाज मागे! कारण आत्ता उच्चारलेल्या शब्दावर सेकंदानंतरची वेळ पडत होती, आणि पुण्यातला संगणक इमानेइतबारे तेवढा थांबत होता. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज सुमारे ०.१२५ सेकंद मागे पडला, तरच लक्षात येतो. पुढे गेलेला मात्र ०.०४५ सेकंदांतच खटकतो. मेघगर्जना विजेनंतरच ऐकू येते, त्याची कानाला सवय आहे, असं मला वाटतं.

मध्यंतरात घड्याळ जुळवलं. पण एकदा जुळवून भागत नाही. दोन घड्याळांच्या चालीत दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी तीन तासांच्या नाटकात अर्ध्या सेकंदाची तफावत साचते. म्हणून पहिल्याच चिठ्ठीवर विसंबणारं सॉफ्टवेअर शेवटच्या अंकात फसतं.

दुसऱ्या अंकात आईचा पुन्हा फोन आला, या वेळी नायकाच्या पाठांतराबद्दल.