वाफाऱ्याचं यंत्र आणि गिरीजचं पाणी

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गिरीजसारख्या गावात एकाच घरात तीन तऱ्हेचं पाणी असतं. वाडीतल्या विहिरीचं, नळाला येणारं आणि ओट्याशेजारच्या आरओतून गाळून निघालेलं. पिण्याला कोणतं, कपड्यांना कोणतं, झाडांना कोणतं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असतं. पावसाळ्यात नाकं चोंदली आणि कपाटातून वाफेचं यंत्र निघालं, की त्यात यातलं कोणतं पाणी घालायचं याचा विचार मात्र सहसा होत नाही. विहिरीचं पाणी घातलं तर थोड्याच वेळात भसाभस वाफ येते. आरओचं घातलं तर कितीही थांबा, पाणी कोमटच राहतं. मग ‘गेलं वाटतं’ म्हणून यंत्र माळ्यावर टाकलं जातं. खरं तर त्याचं काहीच गेलेलं नसतं.

औषधाच्या दुकानात ‘व्हेपोरायझर’ या नावाने मिळणारं हे यंत्र दिसायला अगदी साधं आहे. प्लास्टिकचं भांडं, त्यावर घट्ट बसणारं झाकण, झाकणाच्या पोटात उभी नळी आणि वर वाफेचं तोंड. त्याच्या स्वस्त जातीत तापणारी तार किंवा कॉइल नसतेच. नळीच्या आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना न शिवता समोरासमोर उभ्या असतात. एक फेजला जोडलेली, दुसरी न्यूट्रलला. मधल्या फटीत पाणी शिरलं, की वीज त्या पाण्यातूनच वाहते आणि पाणी स्वतःच तापतं. पाण्यात क्षार जास्त असले तर वीज जास्त वाहते आणि वाफ लवकर सुटते. आरओने क्षार काढून टाकलेले असल्यामुळे विजेला वाट मिळत नाही. म्हणूनच सोबतच्या माहितीपत्रकात ‘वाफ कमी वाटल्यास चिमूटभर मीठ टाका’ अशी ओळ असते.

या रचनेतली एक गोष्ट मला फार आवडते. पाणी जसजसं आटतं, तसतसा पट्ट्यांचा बुडालेला भाग कमी होतो आणि वीजही कमी वाहते. पाणी संपलं की मंडल तुटतं आणि यंत्र आपोआप थांबतं. ना थर्मोस्टॅट, ना टायमर. इतक्या कमी खर्चात इतकी नेटकी योजना क्वचित पाहायला मिळते.

धोकाही नेमका तिथेच आहे. यंत्र चालू असताना त्यातल्या पाण्यात थेट 230 व्होल्ट खेळत असतात. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, बोट घालून पाणी तापलं का पाहायचं नाही, वरून पाणी ओतायचं नाही. घरात बसवलेलं विजेची गळती पकडणारं स्विच जमिनीकडे जाणारा प्रवाह ओळखतं, पण हाताने फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना एकदम स्पर्श झाला तर ते गप्प बसतं. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. मिठाचंही तसंच. चिमूट म्हणजे चिमूटच. चमचाभर मीठ पडलं की प्रवाह एकदम वाढतो, पाणी उसळून तोंडातून उकळते थेंब उडतात आणि फ्यूजही उडू शकतो. विहिरीचं पाणी आधीच मचूळ असेल तर मिठाची गरजच नाही.

दुसऱ्या, थोड्या महाग जातीत तापणारी प्लेट असते. तिचा न्याय बरोबर उलटा. क्षाराचं पाणी उकळलं की प्लेटवर पांढरी खपली धरते, ती उष्णता अडवते आणि प्लेट आतल्या आत जास्त तापून लवकर निकामी होते. या यंत्राला आरओचंच पाणी हवं. म्हणजे एकाच घरातलं तेच पाणी एका यंत्राला उपाशी ठेवतं आणि दुसऱ्याचं आयुष्य वाढवतं. दुकानातून यंत्र घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हाच: आत पट्ट्या आहेत की प्लेट?

वाफेला आवरायचं कसं, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदनाचा. त्यात सांगितलेल्या तेरा प्रकारांपैकी एक नाडीस्वेद. औषधी वनस्पती हंडीत उकळायच्या आणि वाफ नळीने अंगावर घ्यायची. ही नळी हत्तीच्या सोंडेसारखी, एक वाव किंवा अर्धा वाव लांब आणि दोन-तीन ठिकाणी वाकवलेली असावी, असं तिथे म्हटलं आहे. कारणही दिलं आहे: सरळ न जाणाऱ्या वाफेचा जोर मोडतो आणि ती त्वचा न भाजता सुखाने घाम आणते. आधीच्या पाचव्या अध्यायात औषधी धुराची नळी येते. तिची लांबी कामाप्रमाणे 24, 32 किंवा 36 अंगुळं. तिथेही हेतू तोच, की लांबून, पेरांतून अडत आलेला धूर इंद्रियांना त्रास देऊ नये. इंग्लंडात प्लिमथच्या जॉन मज या डॉक्टरने 1778 मध्ये कथलाच्या मिश्रधातूच्या मगाला लवचीक नळी जोडून खोकल्यासाठी वाफ घेण्याचं पात्र केलं. त्यात बाहेरची हवा गरम पाण्यातून वर येऊन नळीत जायची. आजच्या प्लास्टिकच्या यंत्रात हे अंतर राखायचं काम नळी करत नाही, आपल्याला करावं लागतं. तोंड यंत्राला चिकटवायचं नाही. हातभर लांब बसायचं, म्हणजे वाटेत हवा मिसळून वाफ निवते.

आता वनस्पतींकडे येऊ. मराठी घरात त्यांचा गंध काढण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली धुरीची: शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकायचा. दुसरी पुरचुंडीची: ओवा कोरड्या तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि हुंगायचा. तिसरी वाफाऱ्याची. धुरीत वनस्पती जळते आणि औषधी गंधाबरोबर काजळी आणि विषारी वायूही छातीत जातात. तान्ह्या बाळाला धुरी देणं आता थांबायलाच हवं. पुरचुंडीत काहीच जळत नाही. ओव्यातलं थायमॉल 232 अंशांना उकळतं, पण गंध दरवळायला एवढ्या तापमानाची गरज नसते. दाणे हाताला चटका बसेल इतके गरम झाले की पुरे. करपल्याचा वास आला की ओवा फुकट गेला. वाफाऱ्यात तर निसर्ग आणखी मदत करतो. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक 176 अंशांच्या आसपास उकळत असला, तरी पाण्याच्या वाफेची सोबत मिळाली की तो शंभराच्या आतच तिच्याबरोबर निघतो. अत्तराच्या भट्ट्या याच नियमावर चालतात.

सुका पाला न जाळता तापवून ओढायची, खिशात मावणारी, बॅटरीवरची यंत्रं परदेशात निघाली आहेत. आपल्याकडे 2019 च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायद्याने, निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्यासाठी फवारा तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठा बंद केला आहे. परवाना असलेली औषधी उत्पादनं तेवढी त्यातून वगळली आहेत. त्यामुळे ‘ऑनलाइन मिळतंय’ म्हणून असलं काही मागवू नये.

घरच्या यंत्राला मात्र थोडा आपला हात लावता येतो. त्यातला पहिला नियम असा, की पाण्याच्या भांड्यात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. तुळशीची पानं, आलं, गवती चहा थेट आत टाकला की पट्ट्यांवर तपकिरी लेप बसतो आणि भोकं बुजतात. बाम किंवा तेल टाकलं तर प्लास्टिक मऊ पडून तडकतं. काही यंत्रांना तोंडाजवळ औषधासाठी वेगळी वाटी असते, ती वापरावी. ती नसेल तर सुती फडक्यात सैल बांधलेली चमचाभर ओव्याची पुरचुंडी वाफेच्या वाटेत, तोंडापासून थोडी दूर धरावी. वाफेचं तोंड मात्र कधीच झाकू नये. कोंडलेली वाफ झाकण उडवते. लहान मुलांसाठी कापूर, पुदिन्याचं सत्त्व, निलगिरी यांतलं काहीच नको. तान्ह्या बाळांचा श्वास त्याने अडखळू शकतो आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात.

देखभालीला फार काही लागत नाही, नियमितपणा तेवढा लागतो. वापर झाला की प्लग काढायचा, यंत्र निवू द्यायचं, उरलेलं पाणी ओतून द्यायचं आणि भांडं, नळी पालथी घालून वाळवायची. साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि पट्ट्याही गंजतात. महिन्यातून एकदा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात नळी अर्धा तास बुडवून ठेवायची. खपली भुसभुशीत होते आणि जुन्या टूथब्रशने घासली की निघून येते. लिंबाचा रसही चालतो. हे सगळं प्लग काढूनच. पट्ट्या झिजून पातळ झाल्या, वायरच्या मुळाशी रबर तडकलं किंवा झाकणाचा आटा घसरला, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. या किमतीच्या यंत्रासाठी जीव धोक्यात घालायचं कारण नाही.

सगळ्यात जास्त अपघात विजेने नव्हे, सांडलेल्या पाण्याने होतात. 2020 मध्ये कोविडच्या भीतीने घरोघर वाफ घेतली जाऊ लागली, तेव्हा बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वाफ घेताना भाजलेल्या मुलांची संख्या वाढल्याचं ‘लॅन्सेट’मधून कळवलं होतं. मांडीवर घमेलं ठेवून वाफारा घेण्यापेक्षा झाकणाचं यंत्र नक्कीच बरं. पण तेही पक्क्या टेबलावर, भिंतीच्या कडेला ठेवावं आणि वायर पोराच्या हाताला लागणार नाही अशी ओढून घ्यावी. आजी-आजोबा वाफ घेत असतील तर कुणीतरी जवळ बसावं.

वाफ कितपत उपयोगी, हेही स्पष्ट सांगायला हवं. चोंदलेलं नाक थोडं मोकळं होतं, घशाला बरं वाटतं. सर्दीवर गरम दमट हवेचा ठोस फायदा मात्र चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत दिसलेला नाही, आणि कोविड तर वाफेने बरा होतच नाही. दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याखेरीज वाफ घेऊ नये. वाफेचं यंत्र म्हणजे नेब्युलायझर नव्हे. नेब्युलायझर औषधाचे मायक्रॉनमध्ये मोजावेत असे थेंब करून ते फुप्फुसात खोलवर पोचवतो. त्याचं औषध वाफेच्या यंत्रात टाकलं तर वाया जातं. ओव्याचा अर्क किंवा निलगिरी नेब्युलायझरमध्ये टाकली तर तेल फुप्फुसात बसून न्यूमोनिया होऊ शकतो. ही अदलाबदल कधीच करू नका. धाप लागत असेल, ताप उतरत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर यंत्र बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

गिरीजच्या घराला हे यंत्र चालवायला तीन गोष्टी माहीत असल्या की पुरतं: आपलं पाणी किती क्षाराचं आहे, यंत्रात पट्ट्या आहेत की प्लेट, आणि प्लग निघाला आहे की नाही. पहिल्या दोन एकदाच समजून घ्यायच्या. तिसरी दरवेळी, झाकणाला हात लावण्याआधी, डोळ्यांनी पाहायची.