ट्रॅक सायकलपटूसारख्या मांड्या बैठकांनी होतात का? आधी टेप बाजूला ठेवा

पेट निघाली, कोर्सवर्क संपत आलं आणि आता विषय ठरवायचा आहे. अमरावती-अकोल्याकडे शारीरिक शिक्षणात पीएचडी करायला निघालेल्या बऱ्याच जणांच्या वहीत याच सुमारास एक वाक्य लिहिलेलं असतं : '६ आठवड्यांच्या अमुक व्यायामाचा निवडक शारीरिक घटकांवर होणारा परिणाम'. अमुकच्या जागी कधी बैठका, कधी सूर्यनमस्कार, कधी प्लायोमेट्रिक. या लेखात बैठका घेऊ आणि सोबत एक अवघड ध्येय ठेवू : ट्रॅक सायकलपटूंची मांडी.

रॉबर्ट फोर्स्टमान हा जर्मन स्प्रिंटर तुम्ही बहुतेक पाहिला असेल. २०१५ साली त्याचा एक व्हिडिओ फिरला होता. त्यात तो सायकल मारून ७०० वॅटचा टोस्टर चालवतो आणि पाव भाजून होईपर्यंत गळपटून खाली पडतो. त्याच्या मांड्या बघितल्या की पहिला प्रश्न येतोच, हे व्यायामाने होतं का? आपल्याकडे दुसरा प्रश्नही लगेच येतो, कारण या भागात बैठकांना मोठा इतिहास आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे कबड्डी आणि भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मग बार्बेल, लेग प्रेस कशाला, रोज पाचशे बैठका मारल्या तर काय कमी आहे?

प्रश्न चांगला आहे. फक्त तो अजून संशोधनाचा झालेला नाही.

सगळ्यात आधी फोर्स्टमानला बाजूला काढा. मांड्या सायकलीमुळे मोठ्या झाल्या, की मोठ्या आणि वेगवान स्नायूंची माणसं स्प्रिंटमध्ये टिकली आणि बाकीची गळाली? दोन्ही खरं असतं, पण एका फोटोतून कशाचा वाटा किती हे कधीच कळणार नाही. पहिलवानाच्या मांडीचंही तेच. तो बैठका मारतो, कुस्ती खेळतो, दूध-बदाम खातो आणि मुळात अंगापिंडाने दणकट होता म्हणून वस्तादांनी त्याला ठेवून घेतलेलं असतं. शिवाय जगभरातले ट्रॅक स्प्रिंटर आठवड्यातले दोन-तीन दिवस जड स्क्वॉट आणि लेग प्रेस करतात, त्यामुळे 'सायकलने झालेली मांडी' हा शब्दप्रयोगच अर्धवट आहे. स्प्रिंटरला पेडलवर बळ हवं आणि ते मिनिटाला १२० च्या वर फेऱ्या मारताना हवं. बळ गुणिले वेग म्हणजे पॉवर. मांडी मोठी असणं हा त्यातला एक भाग झाला. (आपल्याकडे वेलोड्रोम बघायचा तर पुण्याला बालेवाडी गाठावी लागते. अकोल्याचा रस्ता मात्र छान झालाय. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते मूर्तिजापूर ७५ किलोमीटरची लेन पाच दिवसांत टाकून गिनीज विक्रम झाला होता, आठवत असेल.)

आता वजनाकडे. बैठक मारताना आपण किती वजन उचलतो? घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग जवळपास जागेवरच असतो, म्हणून शरीराच्या वजनातून साधारण १२ टक्के वजा करा. ६५ किलोचा मुलगा असेल तर उरले ५७ किलो. समजा हा मुलगा खांद्यावर ६० किलोचा बार घेऊन जेमतेम एकच स्क्वॉट मारू शकतो. म्हणजे त्याची कमाल क्षमता ५७ अधिक ६०, ११७ किलो. त्याच्यासाठी साधी बैठक झाली कमाल क्षमतेच्या ४९ टक्के. नवख्यासाठी हे चांगलं वजन आहे. आता दोन-तीन वर्षांनी हाच मुलगा १४० किलोचा बार मारायला लागला. कमाल झाली १९७ आणि बैठक राहिली २९ टक्के. मुलगा बलवान होत गेला तशी बैठक त्याच्यासाठी हलकी होत गेली. वाढ चालू ठेवायची तर भार चढता हवा, हे तत्त्व आखाड्यालाही माहीत होतंच. खांद्यावर जोडीदाराला घेऊन मारलेल्या बैठका कशासाठी होत्या?

मग हलक्या वजनाने स्नायू वाढतच नाही का? इथे २०१२ सालचा एक पेपर वाचाच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मिचेल, फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १८ तरुण घेतले, १० आठवडे, आठवड्यातून तीनदा लेग एक्स्टेन्शन. तीन पद्धती होत्या : कमाल क्षमतेच्या ३० टक्क्यांचे तीन सेट, ८० टक्क्यांचे तीन सेट आणि ८० टक्क्यांचा एकच सेट. हलक्या वजनाचा सेट पाय उचलेनासा होईपर्यंत न्यायचा. एमआरआयवर मोजलेली क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या चार स्नायूंच्या गटाची, सरासरी वाढ अशी : ३० टक्केवाल्यांची ६.८ टक्के, ८० टक्के तीन सेटवाल्यांची ७.२ टक्के, एका सेटवाल्यांची ३.२ टक्के. हलकं आणि जड जवळजवळ सारखंच.

पण एका रेपमध्ये जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं, ही ताकद जड वजनवाल्यांचीच जास्त वाढली. इथे थांबा, कारण संशोधनाला लागणारी सवय इथेच आहे. चाचणी काय होती? जड वजन एकदा उचलणं. जड वजन उचलण्याचा सराव कोणाला होता? जड गटाला. म्हणजे चाचणी एका गटाच्या सरावाशी जुळणारी होती. त्याच पेपरमध्ये न हलता जोर लावायची चाचणी घेतली, तेव्हा गटांमध्ये फरक दिसला नाही. 'ताकद वाढली' असं वाक्य लिहायच्या आधी 'कोणत्या चाचणीत' हे लिहायचं ते म्हणून.

आणखी एक गंमत त्या आराखड्यात आहे. त्यांनी माणसं गटात वाटली नाहीत, पाय वाटले. एका माणसाचा एक पाय एका पद्धतीत, दुसरा दुसऱ्या. १८ माणसं, ३६ पाय. आहार, झोप, आनुवंशिकता सगळं दोन्ही पायांना सारखं मिळतं, त्यामुळे कमी माणसांतही फरक दिसू शकतो. आपल्यासारख्या, एमआरआयचं नाव काढलं की खिसा चाचपणाऱ्या संशोधकांना हा आराखडा फार सोयीचा वाटतो. पण त्याला एक भोक आहे. एका पायाला व्यायाम दिला की दुसऱ्या, व्यायाम न केलेल्या पायाचीही ताकद थोडी वाढते. हे १८९४ पासून, येल विद्यापीठातल्या स्क्रिप्चरच्या प्रयोगापासून माहीत आहे. हा बदल मज्जासंस्थेतला असतो, स्नायूचा आकार त्याने वाढत नाही. म्हणून आकार मोजायचा असेल तर पाय वाटा, ताकद मोजायची असेल तर दहादा विचार करा. व्हायवात हा प्रश्न येऊ शकतो.

मज्जासंस्थेवरून ते '६ आठवडे' आठवलं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मेंदू आणि नसांच्या शिकण्यातून येते, स्नायूची जाडी मागाहून दिसायला लागते. मोरितानी आणि डीव्हरिस यांनी १९७९ मध्येच हे मांडलं. तुमचा प्रश्न मांडीच्या आकाराचा असेल आणि प्रयोग ६ आठवड्यांचा असेल, तर तुम्ही पीक उगवायच्या आत कापणीला निघालात.

आता टेप. आपल्याकडे मांडीचा घेर टेपने मोजून तक्ता भरायची पद्धत पक्की आहे. जरा गणित करू. घेर ५५ सेंटिमीटर असेल तर मांडी गोल धरून आडव्या छेदाचं क्षेत्रफळ येतं सुमारे २४१ चौरस सेंटिमीटर. त्यात क्वाड्रिसेप्स समजा ७५ चौरस सेंटिमीटर. दहा आठवडे चांगला व्यायाम झाला आणि स्नायू ७ टक्के वाढला, म्हणजे ५.२५ ची भर. नवं क्षेत्रफळ २४६. उलटं गणित केलं तर घेर येतो ५५.६. दहा आठवड्यांच्या घामाचं टेपवर दिसणारं फळ ६ मिलिमीटर!

आणि टेपची चूक किती? हे स्वतः काढा. दहा मित्रांची मांडी एकाच दिवशी दोनदा मोजा, पहिला आकडा न बघता. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा, माणसांच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. ही झाली तुमची मोजमापाची तांत्रिक चूक. फरक सगळ्यांचे ०.७ सेंटिमीटरच्या आसपास असतील तर ती येते ०.५. मग एखाद्या माणसात खरा बदल झाला असं म्हणायला जवळजवळ १.४ सेंटिमीटर फरक लागेल. आपल्याला अपेक्षित आहे ०.६. 'सर, पण सरासरी घेतली की चूक कमी होते ना?' होते, पण ती चूक कधी इकडे कधी तिकडे जाणारी असेल तर. शेवटच्या दिवशी आपल्या लाडक्या गटाचा टेप जरा सैल धरला गेला, तर हजार माणसं घेऊनही ती चूक जात नाही. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा, एवढी एक गोष्ट केली तरी तुमचा प्रबंध कितीतरी प्रबंधांच्या पुढे जाईल. खर्च शून्य.

टेप नको तर काय? अल्ट्रासाउंडने स्नायूची जाडी चांगली मोजता येते आणि परदेशी पेपरांत ते सर्रास दिसतं. पण तिकडचा विद्यार्थी लॅबमध्ये छोटं मशीन घेऊन बसतो तसं आपल्याला करता येत नाही. लिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा अल्ट्रासाउंड मशीनला लागू आहे. मशीन आणि जागा नोंदणीकृत हवी, चालवणारा पात्र हवा, मग तुम्ही मांडीच का बघत असेना. ऑनलाइन मशीन मागवून वसतिगृहात मोजमाप घेणं म्हणजे थेट गुन्ह्यात सापडणं. सारांशिकेत लिहायच्या आधीच नोंदणीकृत सेंटरच्या रेडिओलॉजिस्टशी बोलून ठेवा.

आहाराचंही बघा. २०१८ मध्ये मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ प्रयोग एकत्र करून दाखवलं की दिवसाला प्रतिकिलो साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिनं वाढवून सरासरीत फारसा फायदा दिसत नाही. ६० किलोच्या मुलाला हे ९६ ग्रॅम होतात. मेसच्या दोन वाट्या वरणात समजा ५० ग्रॅम तूरडाळ असेल, तर ती देते ११ ग्रॅम. सोयाबीन-तुरीच्या मुलखात राहून आपली पोरं प्रथिनांत कमी पडतात, ही विचित्रच गोष्ट. तुमच्या दोन गटांपैकी एक घरून डबा आणणारा आणि एक मेसवर जेवणारा निघाला, तर बैठकांचा परिणाम मोजताय की आईच्या हातच्या जेवणाचा? चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे ते याचसाठी. 'सकाळच्या बॅचचा एक गट, संध्याकाळचा दुसरा' असं करू नका.

शेवटचं, आणि हे हलक्यात घेऊ नका. सवय नसलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी पाचशे बैठका देऊ नका. अचानक अति बैठकांनी स्नायूंचे तंतू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशांनंतर असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा पाणी कमी पडलेल्या शरीरात धोका आणखी वाढतो. एक-दोन दिवसांत मांड्या असह्य दुखल्या, सुजल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली तर 'पहिल्यांदा असंच होतं रे' म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. हा धोका संमतीपत्रात साध्या मराठीत लिहा, भार हळूहळू वाढवण्याचा तक्ता सोबत जोडा आणि दोन्ही संस्थेच्या नैतिकता समितीपुढे ठेवा. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत प्रयोगाची नोंद पहिला सहभागी घेण्याआधी करायची असते. मुलं जमली, चार बैठका झाल्या आणि मग नोंदणी करायला गेलात, तर ती स्वीकारलीच जात नाही आणि पुढे चांगलं जर्नल पेपर परत पाठवतं.