टेबल सॉची सुरक्षितता आणि केरीतली घरगुती सुतारशाळा: एक मागोवा

टेबल सॉ म्हणजे मेजाच्या फटीतून वर आलेले फिरते गोल पाते. पाते जागचे हलत नाही. लाकूड हाताने त्याच्यावर सरकवायचे असते, आणि सगळा धोका या सरकवण्यात आहे. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. हात घसरून थेट पात्यावर जाणे हा अपघाताचा एक प्रकार. दुसरा किकबॅकचा. चिरताना लाकडातला ताण सुटतो, मागची चीर मिटते, पात्याच्या मागच्या बाजूचे वर येणारे दात लाकूड उचलून माणसाच्या पोटावर फेकतात, आणि लाकडावर रेटलेला हात आधार गेल्यामुळे पात्यावर येतो. अमेरिकेत या यंत्रामुळे दरवर्षी ३० हजारांच्या आसपास जखमी होतात आणि हजारोंची बोटे तुटतात, असे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे अंदाज आहेत. भारतात घरगुती यंत्रांच्या अपघातांची अशी देशव्यापी नोंद ठेवली जात नाही.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात पुरे. गोल करवतीचे इंग्लंडमधले पेटंट १७७७ सालचे. ब्रिटनने १९२२मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी नियम केले, आणि भारतात १९४८च्या कारखाना कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले त्यांत तीच कलमे उतरली. पात्याच्या मागे त्याच्याच रेषेत रायव्हिंग नाइफ, म्हणजे चीर मिटू न देणारी पोलादी पट्टी. वर झाकण, मेजाखाली दोन्ही बाजूंना पत्रे, आणि लाकूड ढकलायला काठी. बोटे वाचवायला काय लागते ते कागदावर तेव्हापासून आहे. मात्र त्या कायद्याखाली वीज वापरणाऱ्या जागेत १० कामगार असतील तरच तो कारखाना ठरत असे. गोव्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेल्या केरीत, किंवा शेजारच्या पालये-हरमलात, सुतारशाळा म्हणजे घराची पडवी, मेस्त (सुतार), त्याचा मुलगा आणि फार तर एक मदतनीस. कायद्याने त्यांच्याकडे कधी पाहिलेच नाही.

विजेच्या आधी इथले काम हातकरवतीवर चाले. ओंडका घडवंचीवर चढवून एक जण वर आणि एक जण खाली उभा राहून फळ्या काढीत. शिकाऊ मुलाच्या हाती आधी त्रिकोणी कानस येई. दात घासायचे, मग ते आळीपाळीने डावी-उजवीकडे वळवायचे, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद होऊन करवत अडकत नाही. लाकूड पाते का आवळते, फणस कुठे सरळ चिरतो आणि किंदळ कुठे दगा देतो, हे त्या मुलाला यंत्राला हात लावण्याआधीच कळलेले असे. पुढे पट्ट्यावर चालणारी बिडाची रंधा मशीन आली, तिच्या कडेला गोल करवत जोडलेली. ती जड होती, महाग होती, मोजक्या लोकांकडे होती, आणि तिला माणूस बिचकून असे.

सगळे बदलले ते १९९६ ते २००६ या दहा वर्षांत. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या अंतरिम आदेशाने वनक्षेत्रात केंद्राच्या मंजुरीविना चालणाऱ्या सॉ मिल देशभर बंद झाल्या. जंगलासाठी तो आदेश आवश्यक होता, यात शंका नाही. त्याच काळात प्लायवूड घरोघरी पोचले, आणि हातात मावणारा कटर स्वस्त झाला. हा कटर मुळात संगमरवर आणि फरशी कापण्यासाठी बनवलेला. त्याला ४ इंची कार्बाइड दातांचे पाते लावले की तो लाकूडही कापतो. मग प्लायवूडच्या तुकड्याला तो खालून उलटा बसवायचा, बोल्ट आवळायचे, आणि यंत्र चालू करून त्याच्याच पात्याने वर फट पाडायची. गार्ड उलटे बसवताना आड येते म्हणून पहिल्याच दिवशी निघालेले. बटण चिकटपट्टीने दाबून बांधलेले, चालू-बंद भिंतीवरच्या स्विचवरून. सरळ चिरण्यासाठी सी-क्लॅम्पने आवळलेली एक रीप. झाला टेबल सॉ. हा कटर मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेतो. पाते लहान असूनही त्याच्या दातांचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे मोठ्या यंत्रापेक्षाही जास्त. मेज इतका आखूड की दोन्ही हात पात्याच्या शेजारीच फिरतात.

या काळाबद्दल दोष द्यायचा तर मेस्तांना देता येत नाही. त्यांच्या हाती पडले ते यंत्र त्यांनी कामाला लावले. फरशी कापायचा कटर आणि त्यावर लाकडाचे पाते बिनदिक्कत विकणाऱ्यांनी मात्र विचार करायला हवा होता. जुन्या शिकवणीत कानशीपासून यंत्रापर्यंत जायला वर्षे लागत. कटरने ती वर्षे एका दुपारवर आणली, आणि लाकडाचा स्वभाव शिकवणारी ती पायरी गेली. हे नुकसान अजून भरून आलेले नाही.

नेमक्या याच दशकात, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, टेबल सॉचा सर्वांत मोठा शोध लागला. स्टीव्ह गॅस हे भौतिकशास्त्रातले डॉक्टर आणि पेशाने पेटंट वकील. १९९९मध्ये त्यांनी पात्यात क्षीण विद्युत संकेत सोडण्याची युक्ती काढली. लाकूड वीज फारशी वाहत नाही, माणसाचे शरीर वाहते. बोट लागताच संकेत बदलतो, एक बारीक तार जळते, स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्याच्या दातांत घुसतो. ५ मिलिसेकंदांच्या आत पाते थांबते आणि मेजाखाली जाते. तेवढ्या वेळात ४,००० फेऱ्यांचे पाते एक तृतीयांश फेराच घेते. बोटाला ओरखडा येतो, बोट राहते. ठोकळ्याचा संच आणि पाते मात्र बदलावे लागतात.

मोठ्या कंपन्यांनी ही युक्ती नाकारली. गॅस यांनी मागितलेले ८ टक्के स्वामित्वशुल्क त्यांना जड वाटले. मग गॅस यांनी सॉस्टॉप ही स्वतःची कंपनी काढली, २००३मध्ये सुरक्षा आयोगाकडे ही यंत्रणा सक्तीची करण्याचा अर्ज केला, आणि २००४पासून यंत्रे विकली. २०१०मध्ये बोस्टनच्या ज्यूरीने एका जखमी कामगाराला १५ लाख डॉलर मंजूर केले, कारण उत्पादकाला सुरक्षित रचना उपलब्ध होती. पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. बॉशने पाते न बिघडवता खाली ओढणारी वेगळी यंत्रणा काढली, तेव्हा सॉस्टॉपने पेटंटच्या जोरावर २०१७मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून बाहेर काढली. बोटे वाचवण्यासाठी कायदा मागणाऱ्यांनीच दुसऱ्या वाचवणाऱ्याची वाट अडवली. एक महत्त्वाचे पेटंट खुले करण्याची तयारी कंपनीने दाखवली ती २०२४च्या फेब्रुवारीत, तीही नियम झाला तर या अटीवर. पहिल्या यंत्राला तेव्हा वीस वर्षे होत आली होती आणि नियम झालेला नव्हता.

त्या वीस वर्षांत केरीच्या पडवीत काय आले? जवळजवळ काहीच नाही. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालते, इथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. युरोपसाठी फेस्टूल कंपनीने याच यंत्रणेचे २३० व्होल्टचे यंत्र काढले, पण घरगुती सुताराच्या आवाक्यात ते नाही. शिवाय ओले लाकूड वीज वाहते. पावसाळ्यात समुद्रकाठच्या पडवीत ठेवलेला फणस किंवा आंबा फारच ओला असेल तर बोट न लागताही ठोकळा सुटू शकतो. त्यासाठी यंत्रणा तात्पुरती बंद ठेवण्याची सोय असते, आणि ती बंद ठेवायची सवय लागली की यंत्र पुन्हा साधे उरते.

म्हणून आज इथल्या घरगुती सुतारशाळेसाठी खरी सुधारणा या यंत्रणेच्या आधीच्या पायरीची आहे. भारतात मिळणाऱ्या १० इंची टेबल सॉमध्ये रायव्हिंग नाइफ, गार्ड आणि सरळ चिरण्यासाठी फेन्स येतात. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर वर-खाली होते, त्यामुळे अर्धवट खोलीची खाच मारतानाही ती काढावी लागत नाही. ती आहे तोवर किकबॅकचे मुख्य कारण उरत नाही. दुसरी वस्तू म्हणजे नो-व्होल्ट स्विच. पावसात वीज जाते आणि अचानक येते. साधा स्विच चालूच राहिला असेल तर वीज येताच पाते फिरू लागते, नो-व्होल्ट स्विच मात्र पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होऊ देत नाही. त्याच्या जोडीला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग, ढकलकाठी, आणि खाऱ्या हवेत मेज गंजू नये म्हणून महिन्यातून एकदा मेण. गंजलेल्या मेजावर लाकूड अडते, आणि अडलेल्या लाकडाला माणूस जोर लावतो.

कायदा मात्र उलट दिशेने गेला आहे. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २०वर नेली गेली. पडवीतला मेस्त आधीच बाहेर होता, आता १५ माणसांची फर्निचरशाळाही कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडली. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि सवलतीचे कर्ज आहे. या पैशातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक टेबल सॉला रायव्हिंग नाइफ असलीच पाहिजे, ही अट घालायला नवा कायदा लागत नाही. ज्यांना नवे यंत्र घेणे जमते त्यांनी जुना उलटा कटर मेजावरून उतरवावा, गार्ड परत बसवून फरशी कापायला ठेवावा, आणि तो मेज कुणाला विकू नये.