पीडी-एल१ची टक्केवारी आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

मूत्रपिंडाच्या कर्करोगाविषयी रुग्णांच्या नातेवाइकांत, आणि खेदाने नमूद करावे लागते की आरोग्यविषयक लेखनातही, एक समज पक्का बसलेला आहे: गाठीच्या तपासणीत ‘पीडी-एल१’ हे प्रथिन भरपूर आढळले तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील लगाम काढून घेणारी औषधे, लागू पडणार, ते आढळले नाही तर त्या औषधांवरचा खर्च पाण्यात जाणार. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे, कारण अहवालातील एका शून्यापायी उपयुक्त उपचार नाकारला जाऊ शकतो.

समजाचे मूळ मात्र हवेतले नाही. पीडी-एल१ हे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन टी-पेशींवरील पीडी-१ या ग्राहीला जोडले गेले की टी-पेशी थंडावतात आणि कर्करोगपेशी त्यांच्या तावडीतून निसटतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००४ मध्ये १९६ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे प्रथिन (तेव्हा ते बी७-एच१ या नावाने ओळखले जाई) जास्त असलेल्यांचा याच कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या सुमारे साडेचार पट आढळला. फुप्फुसाच्या कर्करोगात तर या प्रथिनाची टक्केवारी पाहून औषध ठरवण्याची पद्धत रूढ आहे. या दोन गोष्टी एकत्र बांधून मूत्रपिंडालाही तोच नियम लावला गेला.

येथे दोन वेगळ्या प्रश्नांची गल्लत होते. आजार साधारणपणे कोणत्या वळणाने जाईल हे सांगणारा सूचक ‘पूर्वानुमानसूचक’ होय. विशिष्ट औषधाचा लाभ कोणाला होईल आणि कोणाला नाही हे सांगणारा सूचक ‘प्रतिसादसूचक’ होय. पहिल्या कसोटीला उतरलेले प्रथिन दुसऱ्या कसोटीलाही उतरेलच असे नाही. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चेकमेट ०२५ या चाचणीत, आधीचे उपचार निष्फळ ठरलेल्या ८२१ रुग्णांपैकी काहींना निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध आणि उरलेल्यांना एव्हरोलिमस देण्यात आले. पीडी-एल१ एक टक्का किंवा अधिक असलेल्यांत निवोलुमॅब घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान २१.८ महिने, तर एव्हरोलिमस घेणाऱ्यांचे १८.८ महिने भरले. एक टक्क्याहून कमी असलेल्यांत हेच आकडे अनुक्रमे २७.४ आणि २१.२ महिने होते. ज्यांच्यावर औषध वाया जाईल असे बेधडक सांगितले जाते, त्यांनाही औषधाचा लाभ झालाच. प्रथिन जास्त असलेल्यांचे आयुर्मान दोन्ही औषधांखाली कमी राहिले, हे पूर्वानुमान झाले. औषधाची निवड त्यावरून होत नाही. (यावरून ‘प्रथिन कमी तितके औषध अधिक गुणकारी’ असा उलटा नियम काढण्याचा मोहही आवरलेला बरा, तसे सिद्ध झालेले नाही.) पुढे निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या चाचणीत प्रथिन जास्त असलेल्या गटाचा प्रतिसाद अधिक ठळक दिसला हे खरे, तथापि एक टक्क्याहून कमी असलेल्या गटातही आयुष्य वाढलेच.

मोजमापाचाही प्रश्न आहे. प्रतिपिंडांच्या साहाय्याने ऊतीच्या पातळ कापावर प्रथिन रंगवून दाखवण्याची पद्धत कोणते प्रतिपिंड वापरले आणि सीमारेषा कोठे आखली यांवर अवलंबून असते, आणि गाठ तरी कोठे एकजिनसी असते? लंडनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एकाच गाठीचे अनेक भाग तपासले, तेव्हा एका भागातील जनुकांची अभिव्यक्ती चांगल्या पूर्वानुमानाकडे, तर दुसऱ्या भागातील वाईट पूर्वानुमानाकडे निर्देश करताना आढळली. सुईने काढलेल्या तुकड्यावरून संपूर्ण गाठीचे भवितव्य वर्तवणाऱ्यांनी हा अभ्यास अवश्य वाचावा.

कार्बोनिक अनहायड्रेज ९ या प्रथिनाची कथाही बोधप्रद आहे. क्लिअर सेल या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल हे जनुक निकामी झाले की पेशी पुरेसा प्राणवायू असूनही तो कमी पडल्यासारखी वागते आणि हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करते. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी ते कमी असणे हे वाईट लक्षण मानले. २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात, पेशींच्या केंद्रकांचे स्वरूप पाहून ठरवलेली श्रेणी आणि गाठीतील मृत ऊती यांचा हिशेब धरल्यावर त्या प्रथिनाचे स्वतंत्र मोल उरले नाही.

लहानसहान समज तर पुष्कळ आहेत. प्रोस्टेटसाठी जशी पीएसए तपासणी आहे तशी मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी रक्तातील कोणतीही सर्वमान्य तपासणी नाही. क्रिएटिनिन सामान्य असल्याने कर्करोग नाही असे ठरत नाही, कारण दुसरे मूत्रपिंड काम सांभाळून घेते. लघवीतून प्रथिन जाणे हे बहुधा मधुमेह, उच्च रक्तदाब अशा इतर कारणांचे लक्षण असते. आहारातील डाळी-अंडी कमी केल्याने गाठीतील सूचक प्रथिने कमी होत नाहीत. पसरलेल्या आजारात पूर्वानुमान ठरवण्यासाठी आजही रुग्णाची हालचालीची क्षमता, निदानापासून उपचारापर्यंतचा काळ, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट या सहा साध्या बाबी वापरल्या जातात. केआयएम-१ या प्रथिनाबाबत मात्र आशेला जागा आहे: निदानाच्या पाच वर्षे आधी साठवलेल्या रक्तातही ते वाढलेले आढळले आहे, परंतु मूत्रपिंडाला झालेल्या साध्या इजेनेही ते वाढते.