निवृत्तिनिधीचा वारसा आणि प्राप्तिकर

प्रस्तावना

म्हैसूर शहरात अशोकपुरम येथे रेल्वेची कर्मशाळा आहे, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९१६ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे, रेशीम विणण्याचा सरकारी कारखाना आहे आणि इन्फोसिसचे मोठे प्रशिक्षण केंद्रही आहे. या सगळ्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या पगारातून निवृत्तीसाठी पैसा बाजूला पडतो, पण तो एकाच खात्यात जात नाही. २००४ पूर्वी केंद्राच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू असते. १ जानेवारी २००४ नंतर आलेल्यांना, आणि कर्नाटक राज्याच्या सेवेत १ एप्रिल २००६ नंतर आलेल्यांना, राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली म्हणजेच एनपीएस लागू होते. खासगी कारखान्यांत आणि कंपन्यांत भविष्य निर्वाह निधी म्हणजेच पीएफ असतो.

खातेदाराचा मृत्यू झाला की हा पैसा कुटुंबाकडे येतो. त्या वेळी घरात दोन प्रश्न उभे राहतात. पैसा कोणाला मिळणार? आणि त्यावर कर भरावा लागणार का? अनेक घरांत हे अर्ज भरण्याचे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलावर किंवा मुलीवर येते. या पाठात आपण मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहणार आहोत. पहिल्या प्रश्नाचा विचार त्याच्याशी जोडून करू.

सूचना : या पाठातील कलमांचे क्रमांक प्राप्तिकर कायदा १९६१ मधील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत आणि ‘कर निर्धारण वर्ष’ याऐवजी ‘कर वर्ष’ ही संज्ञा आली आहे. पाठ्यपुस्तकांत आणि न्यायनिर्णयांत अजून जुनेच क्रमांक आढळतात, म्हणून येथे ते ठेवले आहेत.

१. वारसा कर आणि प्राप्तिकर यांतील फरक

वारशावर दोन तऱ्हांनी कर लागू शकतो. पहिल्या तऱ्हेत मृताच्या एकूण मालमत्तेवर कर बसतो. भारतात संपदा शुल्क कायदा १९५३ नुसार असा कर होता आणि त्याचा सर्वोच्च दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंसाठी तो रद्द झाला. त्यानंतर भारतात वारसा कर नाही.

दुसऱ्या तऱ्हेत वारसाला मिळालेली रक्कम त्याचे उत्पन्न मानून तिच्यावर प्राप्तिकर लावला जातो. याबाबत कलम ५६(२)(x) स्पष्ट आहे. एरवी कोणी मोबदल्याशिवाय ५०,००० रुपयांहून अधिक रक्कम दिली तर ती उत्पन्नात धरली जाऊ शकते; परंतु मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेल्या रकमेला हा नियम लागू होत नाही.

यातून पाठाचे मुख्य सूत्र निघते : वारशाने आलेली मुद्दल उत्पन्न नाही, त्या मुद्दलातून पुढे जे निर्माण होते ते उत्पन्न आहे. पुढचे बहुतेक नियम या सूत्रात बसतात.

२. एकरकमी मिळणाऱ्या रकमा

अ) कर्मचारी भविष्य निर्वाह निधी. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी पीएफ काढला तर साधारणपणे कर लागतो. मात्र कर्मचाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने सेवा संपली तर पाच वर्षांची अट लागू होत नाही, आणि मृत्यू हे असेच कारण आहे. म्हणून दोन वर्षे नोकरी केलेल्या तरुणाच्या पश्चात आईवडिलांना मिळणारा पीएफही कलम १०(१२) नुसार करमुक्त असतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधीला कलम १०(११) लागू होते.

आ) ठेव संलग्न विमा योजना. पीएफच्या प्रत्येक सदस्याला १९७६ च्या या योजनेचे संरक्षण असते आणि त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापले जात नाही. सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळतात. ही विम्याची रक्कम असल्याने ती करपात्र उत्पन्नात धरत नाहीत. योजना माहीत नसल्याने दावाच केला नाही, असे व्हायला नको.

इ) ग्रॅच्युइटी. निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या वेळी ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते. मृत्यूच्या प्रसंगी ही अट नाही. खासगी क्षेत्रात शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे या सूत्राने येणारी रक्कम २० लाखांच्या मर्यादेत करमुक्त असते. विधवा, मुले किंवा अवलंबितांना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा उल्लेख कलम १०(१०) मध्येच आहे.

ई) रजेचे रोखीकरण. मृताच्या शिल्लक रजेचे पैसे वारसांना मिळाले तर ते वारसांच्या हाती पगार म्हणून करपात्र होत नाहीत. नोकरी वारसाने केलेली नाही. त्यामुळे त्याच्या हाती आलेल्या पैशाला पगार म्हणता येत नाही.

उ) सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. पीपीएफची शिल्लक कलम १०(११) नुसार करमुक्त असते. मात्र नॉमिनीला ते खाते पुढे चालवता येत नाही. ते बंद करून रक्कम घ्यावी लागते. पैसे मिळतात त्याच्या आदल्या महिनाअखेरपर्यंतचे व्याज मिळते.

ऊ) एनपीएस. एनपीएसमधून जिवंतपणी पैसे काढण्याचे नियम गुंतागुंतीचे आहेत. मृत्यूनंतरचे तुलनेने सोपे आहेत. खासगी क्षेत्रातील सदस्याचा संपूर्ण निधी नॉमिनीला एकरकमी घेता येतो. कलम ८०सीसीडी(३) च्या परंतुकानुसार ही रक्कम नॉमिनीचे उत्पन्न मानली जात नाही. सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत ठरावीक मर्यादेवरील निधीचा मोठा भाग वार्षिकी म्हणजेच ॲन्युइटी घेण्यासाठी वापरावा लागतो. वार्षिकी विकत घेताना कर लागत नाही. पण नंतर दरमहा हाती येणारी वार्षिकी ही घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते.

३. दरमहा मिळणारी रक्कम : कुटुंब निवृत्तिवेतन

निवृत्त माणसाला मिळणारे निवृत्तिवेतन ‘वेतन’ या शीर्षकाखाली येते. त्याच्या पश्चात पत्नीला किंवा मुलांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर स्रोतांतून मिळणारे उत्पन्न’ या शीर्षकाखाली येते. ते वारशाने आलेली मुद्दल नाही, दरमहाचे उत्पन्न आहे. म्हणून ते करपात्र आहे.

शीर्षक बदलल्याने वजावटही बदलते. वेतनावर नव्या करव्यवस्थेत मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट कुटुंब निवृत्तिवेतनाला मिळत नाही. त्याऐवजी कलम ५७(iia) नुसार एकतृतीयांश रक्कम किंवा ठरावीक मर्यादा, यांपैकी जी कमी असेल तितकी वजावट मिळते. जुन्या करव्यवस्थेत ही मर्यादा १५,००० रुपये आहे. नव्या करव्यवस्थेत आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून २५,००० रुपये आहे. उदाहरणार्थ, दरमहा ३०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,००० रुपये मिळत असतील तर एकतृतीयांश १,२०,००० होतात. पण नव्या व्यवस्थेत वजावट २५,००० इतकीच मिळते.

पीएफ सदस्यांच्या कुटुंबांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मधून विधवा निवृत्तिवेतन मिळते. याशिवाय एका वेळी दोन मुलांना, त्यांच्या वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, प्रत्येकी विधवा निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. व्यवहारात हेही कुटुंब निवृत्तिवेतन म्हणूनच दाखवतात. म्हणजे विशी-पंचविशीतले पदवीचे विद्यार्थीही यासाठी पात्र ठरतात.

एक महत्त्वाचा अपवाद : सैन्यदलातील किंवा निमलष्करी दलातील व्यक्तीला कर्तव्यावरील कारवाईत वीरमरण आले, तर तिच्या पत्नीला, मुलांना किंवा नामनिर्देशित वारसांना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन कलम १०(१९) नुसार पूर्ण करमुक्त असते.

४. एक उदाहरण

समजा, बेळगाव जिल्ह्यातील एक मराठी गृहस्थ म्हैसूरच्या एका खासगी कारखान्यात २२ वर्षे नोकरीला होते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून मासिक वेतन ४०,००० रुपये. सेवेत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी, १९ वर्षांची मुलगी आणि आई आहेत. कुटुंबाला मिळालेल्या एकरकमी रकमा अशा :

पीएफ : १४,००,००० रुपये
ठेव संलग्न विमा : ७,००,००० रुपये
ग्रॅच्युइटी (४०,००० × १५ ÷ २६ × २२) : ५,०७,६९२ रुपये
रजेचे रोखीकरण : ८०,००० रुपये
स्वेच्छेने उघडलेले एनपीएस खाते : ६,००,००० रुपये
एकूण : ३२,८७,६९२ रुपये

या संपूर्ण रकमेवर प्राप्तिकर शून्य.

आता पत्नीने यातील ३०,००,००० रुपये स्वतःच्या नावे ७ टक्के दराने बँकेत मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज २,१०,००० रुपये. शिवाय विधवा निवृत्तिवेतन समजा दरमहा ३,०००, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. त्यातून एकतृतीयांश १२,००० वजा जाता २४,००० उरतात. दोन्ही मिळून करपात्र उत्पन्न २,३४,००० रुपये.

पहिली स्थिती : पत्नीला दुसरे उत्पन्न नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करव्यवस्थेत ४,००,००० रुपयांपर्यंत कर नाही. म्हणून कर शून्य. मात्र व्याज ५०,००० रुपयांहून अधिक असल्याने बँक उगमस्थानी करकपात करते. ती टाळण्यासाठी आपले उत्पन्न करपात्र नाही असे स्वघोषणापत्र बँकेला वर्षाच्या सुरुवातीसच द्यावे. कपात झालीच, तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो.

दुसरी स्थिती : पत्नी शिक्षिका आहे आणि वजावटीनंतरचे तिचे वेतन ११,००,००० रुपये आहे. एकूण उत्पन्न १२,००,००० रुपयांच्या आत असते तेव्हा कलम ८७ए च्या सवलतीमुळे तिला कर भरावा लागत नव्हता. आता उत्पन्न १३,३४,००० रुपये झाले. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००. उरलेल्या १,३४,००० वर १५ टक्के म्हणजे २०,१००. बेरीज ८०,१००, त्यावर ४ टक्के उपकर ३,२०४. एकूण कर ८३,३०४ रुपये.

वारशावर एक पैसाही कर लागला नाही. पण वारसा कोणाच्या नावे आणि कशात गुंतवला, यावरून पुढच्या दरवर्षीचा कर ठरला. मुलगी सज्ञान आहे. त्यामुळे तिला वारसाहक्काने आलेल्या हिश्श्याचे व्याज तिच्या स्वतःच्या उत्पन्नात जाईल. ती अज्ञान असती, तर ते व्याज कलम ६४(१ए) नुसार आईच्या उत्पन्नात मिळवले गेले असते.

५. नॉमिनी आणि वारस

पैसा हाती घेणारा आणि पैशाचा मालक, या दोन व्यक्ती नेहमी एकच नसतात. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी विरुद्ध उषा देवी या १९८४ च्या प्रकरणात आयुर्विम्याबाबत सांगितले, की नॉमिनीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार असतो. मालकी वारसा कायद्याने ठरते. कंपन्यांच्या समभागांबाबतही, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या प्रकरणात, १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच तत्त्व कायम झाले.

आपल्या उदाहरणातील कुटुंब हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार पत्नी, मुलगी आणि आई या तिघी पहिल्या वर्गातील वारस आहेत आणि त्यांचे हिस्से समान आहेत. कायदा केंद्राचा असल्याने म्हैसूर, बेळगाव किंवा कोल्हापूर, सर्वत्र उत्तर हेच.

पीएफचे मात्र काही स्वतंत्र नियम आहेत. कुटुंब असल्यास कुटुंबातीलच व्यक्तीचे नामनिर्देशन करावे लागते. लग्नानंतर नवे नामनिर्देशन करावे लागते. आधीचे अवैध ठरते. तसेच पीएफच्या रकमेवर मृताच्या देणेकऱ्यांना जप्ती आणता येत नाही. पहिल्या नोकरीत रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याने हे नामनिर्देशन पीएफच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात करावे आणि लग्नानंतर पुन्हा करावे.

६. मृत व्यक्तीचे विवरणपत्र

आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचे वेतन, व्याज इत्यादी उत्पन्न मृताचेच असते. त्याचे विवरणपत्र कायदेशीर प्रतिनिधीने भरायचे असते. त्यासाठी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर मृत्यूचा दाखला, पॅन आणि वारस असल्याचा पुरावा देऊन नोंदणी करावी लागते. मृताकडे कर थकीत असेल, तर कलम १५९ नुसार वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते. वारसाला स्वतःच्या कमाईतून तो भरावा लागत नाही.

७. अमेरिकेशी तुलना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत याहून वेगळे चित्र दिसते. तेथील पारंपरिक निवृत्ती खात्यात पैसा भरताना कर लागलेला नसतो. म्हणून वारस तो काढतो तेव्हा ती रक्कम त्याच्या साध्या उत्पन्नासारखी करपात्र होते. २०१९ च्या सिक्युअर कायद्यानंतर, २०२० पासून झालेल्या मृत्यूंसाठी, पती-पत्नीखेरीज बहुतेक वारसांना दहा वर्षांच्या आत खाते रिकामे करावे लागते. पती किंवा पत्नीला ते स्वतःच्या खात्यात वळवता येते. वारस भारतात राहत असेल, तर दोन्ही देशांचे कायदे आणि दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार एकत्र वाचावा लागतो.

सारांश

भारतात वारसा कर नाही. निवृत्तिनिधीतून वारसाला मिळणाऱ्या एकरकमी रकमा वर सांगितलेल्या मर्यादांत करमुक्त असतात. दरमहाचे कुटुंब निवृत्तिवेतन, वार्षिकी आणि गुंतवणुकीवरील व्याज करपात्र असते. नामनिर्देशनाने पैसा लवकर हाती येतो. मालकीसाठी वारसा कायदा आणि मृत्युपत्र पाहावे लागते.

सरावासाठी प्रश्न

१. पीएफची रक्कम करमुक्त असताना तिच्यावरील पुढचे बँक व्याज करपात्र का?
२. दरमहा ५,००० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन असल्यास जुन्या व नव्या करव्यवस्थेत वजावट किती मिळेल?
३. वरील उदाहरणाच्या दुसऱ्या स्थितीत मुलीचा व आईचा समान हिस्सा त्यांच्या नावे ठेवला, तर शिक्षिकेचा कर किती होईल? आकडेमोड करून दाखवा.