आणून देणारा कुत्रा

पुण्यातल्या खराडीच्या सोसायटीत सकाळी फिरायला निघालेला लॅब्रॅडॉर वाटेतली चप्पल अलगद तोंडात धरून आणतो, तेव्हा मालक वैतागतो. ही सवय त्याच्या रक्तातच आहे. बंदुकीने पाडलेलं बदक पाण्यात उडी मारून, दात न रुतवता शिकाऱ्याच्या हाती द्यावं, म्हणून ब्रिटनमध्ये ही जात जोपासली गेली. आणलं की खाऊ, एवढ्यावर त्याचं बरंचसं शिक्षण होतं. खादाडपणाही मदतीला असतो: सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल असल्याचं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला. लॅब्रॅडॉरचं नाक मात्र कामी आलं. पुण्यात सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकलं. किती जीव वाचले, याची मोजदाद कशी करणार! नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

खराडीकरांनो, मुळा-मुठेच्या काठी लॅब्रॅडॉरला चेंडू जरूर फेका, पण पाण्यावर उतरलेल्या बदकांमागे त्याला मोकळं सोडू नका.