बोलण्याचा हक्क घरातही हवा

चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडाकडे जाणाऱ्या भाविकांनी आमच्या वणीचे रस्ते भरून जातात. आम्ही बौद्धांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या आहेत, आम्ही पूजेला जात नाही. म्हणून गडावर जाणाऱ्याची टिंगल करावी काय? मुळीच नाही. प्रतिज्ञा ज्याने घेतली, त्याने ती पाळायची. घटनेच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आपल्याला दिले, तसेच त्यालाही दिले. आणि आपण उत्सवाची वर्गणी दिली नाही म्हणून कुणी आपल्यावर डोळे वटारू नयेत, हेही त्याच न्यायाने आले.

या हक्काची किंमत आपल्या समाजाइतकी कुणाला ठाऊक? १९२० साली बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रसिद्ध केले, तेव्हा राम-कृष्णावरील भाग वगळा अशी ओरड झाली. १९८८ मध्ये आपला समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला. अखेर मजकूर कायम राहिला आणि शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप सोबत छापली गेली. यातला धडा साधा आहे. न पटणाऱ्याने आपले मत वेगळे लिहावे, दुसऱ्याचे पान फाडू नये.

बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी केली. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या २१ वर्षांत त्यांनी अभ्यास केला, लोकांना पटवून दिले. कुणाला हात धरून ओढत नेले नाही.

आता आपल्या घरात डोकावू. विहारातल्या बैठकीत माता-भगिनी येतात, पण बोलतात किती जणी? मुलगी म्हणाली, ‘मला अजून शिकायचे आहे,’ किंवा तिने पोटजातीबाहेरचा मुलगा पसंत केला, की सभेत समतेवर भाषण ठोकणारे बापच आधी आवाज चढवतात. ज्या महामानवाने हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच्या तसबिरीखाली हे घडावे काय?

बंधू-भगिनींनो, मुलीचे म्हणणे पटले नाही तर आपले मत जरूर सांगा, कारणे द्या. पण आधी तिचे पूर्ण ऐकून घ्या. बाहेर मागितलेला हक्क घरात द्यायलाच हवा.

जयभीम!